रुकय्याभाभीला दिलेला शिरका

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. प्रशांतपुढेही नाही, आणि नवऱ्यापासून लपवावं असं माझ्याकडे तसं फार काही नाही. एकदा बहिणीला सांगावं म्हणून फोन लावला होता. तिने उचलला, मी तिला सांडग्यांचं प्रमाण विचारलं आणि ठेवून दिला. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, रुकय्याभाभीला तर नाहीच — एवढंच कारण असावं.

सुरुवात बीअरपासून करावी लागेल. पण आधीच सांगते, मला टोचतंय ते बीअरचं नाही. ओमानमध्ये घरी बीअर करणं कायद्यात बसत नाही, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पकडले गेलो असतो तर प्रशांतची नोकरी, व्हिसा, आमच्या लेकीची, इराची, शाळा, सगळंच गेलं असतं. चूक होतीच. पण त्या चुकीने माझ्या मनाला कधी काही झालं नाही. झालं ते दुसऱ्या गोष्टीने. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल.

मी मूळची इस्लामपूरची. मायक्रोबायोलॉजी शिकले. लग्नाआधी आणि नंतरही कोल्हापुरात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दह्याचं विरजण तपासायचं, दुधातले जंतू मोजायचे, रिपोर्टवर सही करायची. माझ्या सहीशिवाय टँकर हलत नसे. प्रशांतला रुसैलच्या एका पॅकेजिंग कारखान्यात मेंटेनन्सचं काम मिळालं म्हणून आम्ही मस्कतला आलो. अल मवालेहमध्ये फ्लॅट घेतला. माझी सर्टिफिकेटं साक्षांकित करून आणली होती, बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. कुठे अरबी येत नाही, कुठे जागा स्थानिकांसाठी, कुठे नुसतंच "इन्शाल्ला, कळवतो". कुणी कळवलं नाही. हळूहळू मी डबे, गणवेश आणि शाळेची बस यांचीच झाले. इरा मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम डझन्ट वर्क." खोटं काय होतं त्यात? तरी प्रत्येक वेळी झोंबायचं.

बीअरचं खूळ एका जेवणात सुरू झालं. प्रशांतचा एक सहकारी सांगत होता की घरी बीअर करणं म्हणजे काही नाही, जव भिजवायचे, उकळायचे, यीस्ट टाकायचं, झालं. त्याच्या त्या "झालं"चा मला रागच आला. यीस्ट हा माझा विषय. मी दोन वाक्यं बोलले, तर तो हसून म्हणाला, "वहिनी, पुस्तकात सोपं असतं." माझ्यासमोर हे म्हणावं त्याने? मी त्या दिवशीच ठरवलं.

प्रशांत आधी घाबरला, मग चिडला. शेवटी म्हणाला, "मला काही सांगू नकोस आणि माझ्या नावावर काही मागवू नकोस." पुण्याहून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून मेतकुटाच्या पुड्यांमध्ये यीस्टची आणि हॉप्सची पाकिटं आली. हॉप्स म्हणजे बीअरला कडूपणा देणारी वाळकी फुलं. जव मी इथल्याच मसाल्याच्या दुकानातून आणले. मोड आणून गच्चीवर वाळवले. इथल्या उन्हात ते असे खडखडीत वाळले की मला वाटलं, देशच माझ्या बाजूने आहे.

नव्हता. यीस्टला हवा असतो शांत गारवा, आणि तो न हलणारा. इथे उन्हाळ्यात नळातून येणारं थंड पाणीसुद्धा गरम असतं. पहिला घाणा मी स्वयंपाकघरात ठेवला. यीस्ट एखाद्या पिसाळलेल्या प्राण्यासारखं कामाला लागलं, फेस झाकणाबाहेर आला, ओट्यावरून खाली गेला, आणि सगळ्या घरात पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा वास. प्रशांतने एक घोट घेतला आणि ग्लास सिंकजवळ ठेवला.

दुसऱ्या खेपेला डबा इराच्या खोलीत ठेवला, कारण तिथला एसी सगळ्यांत चांगला. इतका गार ठेवला की यीस्ट झोपीच गेलं. काही हलेना. रोज कान लावून ऐकायची — बुडबुडा येतोय का? नाही. चाखलं तर गोड काढा. इरा म्हणाली, "आई, माझी रूम इडलीसारखी स्मेल करते," आणि उशी घेऊन आमच्या खोलीत आली. ओला टॉवेल गुंडाळून गारवा राखतात असं कुठे तरी पाहिलं होतं, तेही केलं. ओला टॉवेल गार होतो हवा कोरडी असेल तर. मस्कतची हवा उन्हाळ्यात घामेजलेली. टॉवेल वाळेचना, उलट त्यालाच बुरशीचा वास यायला लागला. मग बादलीत डबा आणि भोवती बर्फाच्या बाटल्या. बर्फ वितळला की बदला, शाळेची बस आली की धावा, परत या, बदला. कोल्हापुरात माझ्या हाताखाली इन्क्युबेटर होता, बटण दाबलं की हवं ते तापमान. आणि इथे मी, डेअरीची विश्लेषक, बादलीपुढे उकिडवी बसून बाटल्या फिरवत होते. एका दुपारी मी त्या बादलीला लाथ मारली. पाय माझाच सुजला.

रुकय्याभाभी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. श्रीवर्धनकडच्या. त्यांचे मिस्टर हनीफभाई भाजी-फळांच्या मोठ्या बाजारात घाऊक धंदा करायचे, पहाटेच जायचे. आम्ही नवीन आलो तेव्हा इराला ताप आला होता, प्रशांत कारखान्यात, मला दवाखाना कुठे ते ठाऊक नाही. भाभींनी बुरखा चढवला, टॅक्सी थांबवली आणि ड्रायव्हरशी अरबीत भांडून आम्हाला नेऊन आणलं. तेव्हापासून दार उघडंच. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, पण मला "गो" म्हणायच्या, माहेरच्यासारखं. त्यांच्या वाफवलेल्या सांदणांचा, पोळ्यांचा, कोलंबीच्या लोणच्याचा आमच्या घरी रतीबच होता. मी देणार काय? थालीपीठ, नाही तर मेतकूट. दोन्ही त्यांना आवडायची.

आणि आणखी एक. या देशात मला माझ्या शिक्षणावरून ओळखणारं एकच माणूस होतं — रुकय्याभाभी. त्या खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावायच्या. जिलेटिन कशाचं? इसेन्समध्ये दारू तर नाही? मी सांगितलं की विषय संपला. मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्या शेजारणीला इचारते. ती लॅबवाली हाय." लॅबवाली! मला आतून किती बरं वाटायचं ते सांगता येणार नाही.

वास त्यांच्या दारापर्यंत जाणारच होता.

"काय आंबवतेस गो? जिन्यात वास येतोय," त्यांनी विचारलं.

मी पटकन म्हणाले, "शिरका करतेय भाभी. जवाचा."

शिरका म्हणजे व्हिनेगर. खोटं इतकं सहज आलं. पण हेही अजून ते नव्हे. ही तर भीतीपोटी मारलेली थाप. भाभी मात्र खूश झाल्या. लोणच्याला घालतात तो बाजारचा शिरका त्यांना विश्वासाचा वाटायचा नाही. घरचा, तोही लॅबवालीच्या हातचा! "मला एक बाटली ठेव," म्हणाल्या. मग दोनचार दिवसांनी पुन्हा, "झाला का गो?" जिन्यात भेटल्या की पुन्हा. त्या मागत होत्या प्रेमाने. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, ही मला खिजवतेय. झाला का? नाही झाला. काहीच होत नाही माझ्याच्याने.

तिसरा घाणा मी फार जपून केला. प्रत्येक भांडं उकळलं. तापमान बऱ्यापैकी सांभाळलं. बुडबुडे नेमाने येत होते. मला वाटलं, जमलं. मग एसीचं पाणी गळायला लागलं म्हणून दुरुस्तीवाला आला, त्याला जागा करून देताना कुणीतरी डबा सरकवला, झाकण सैल राहिलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. उघडलं तेव्हा वर पांढुरकी, सुरकुतलेली साय. वास आंबट. मला चाखायचीही गरज नव्हती, तरी चाखलं. वर आंबट, आणि त्याखाली — बीअर. फसलेली, पण बीअरच. शिरका व्हायच्या वाटेवर कुठेतरी अर्ध्यात अडकलेली. दारू होती त्यात. साखर उरली होती. यीस्ट जिवंत होतं. हे सगळं मला एका घोटात कळलं. तेवढं तरी मला येतं.

मी डबा उचलून मोरीकडे नेत होते आणि बेल वाजली.

भाभी होत्या. रमजान तोंडावर आला होता, त्यांना कोलंबीचं लोणचं घालायचं होतं, सासूबाई श्रीवर्धनहून आल्या होत्या. माझ्या हातात डबा. त्यांनी वास घेतला आणि चेहरा उजळला. "झाला ना गो!"

मी "बिघडला" म्हणू शकले असते. एक शब्द. का नाही म्हणाले? त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा उकरून पाहिलंय. दया नव्हती, गडबड नव्हती. राग होता. महिनोन्‌महिने फसत आलेल्या माझ्याकडून काहीतरी तयार झालंय असं कुणीतरी म्हणत होतं, आणि मला तेही फसलंय हे सांगायची लाज वाटली. एवढंच.

पण भाभी कच्च्या नव्हत्या. बाटली भरून घेताना त्या थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक इचारू? शिरका होताना मधी त्याची दारू व्हते म्हणतात. पुरता शिरका झाला तरच चालतो आम्हाला. हा पुरता झालाय ना?"

"झालाय," मी म्हणाले. "मी तपासलाय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं काय? लॅबवालीने तपासलं होतं.

कोल्हापुरात इतकी वर्षं मी एकही खोटा रिपोर्ट दिला नाही. एकदा मॅनेजरने दबाव आणला, तरी सही केली नव्हती. आणि ज्या बाईने मला परक्या देशात लॅबवाली म्हटलं, तिला मी तिच्या रमजानच्या तोंडावर, तिने स्पष्ट विचारल्यावर, खोटी सही करून दिली. ती ज्या एका गोष्टीत कुणावर विसंबत नव्हती, त्या गोष्टीत ती माझ्यावर विसंबली.

तुम्हाला वाटेल, हेच ते. मलाही वाटलं असतं. पण पुढे ऐका.

लोणचं झालं. आमच्याकडेही एक बरणी आली. मी ती उघडली नाही; प्रशांतला सांगितलं, मीठ जास्त झालंय. भाभींनी बाजारातल्या ओळखीच्यांना बरण्या दिल्या, नणंदेला दिली. प्रत्येकाला सांगितलं म्हणे, शिरका कुणाचा ते. इफ्तारला त्यांच्या घरी ते लोणचं निघत होतं, आणि मी समोरच्या दारामागे भांडी घासत होते. एकदा उठले, चप्पल घातली, त्यांच्या दारापर्यंत गेले. आतून जेवणाचे, हसण्याचे आवाज येत होते. सगळ्यांसमोर कसं बोलायचं — असं म्हणून परत आले. सकाळी सगळे नव्हते. तेव्हाही गेले नाही.

मग बरण्या फुगल्या. शिरका कच्चा, आंबटपणा पुरेसा नाही, साखर आणि यीस्ट आत. उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं. झाकणं वर आली, तेल बाहेर वाहिलं. पण ते कुणाच्या ध्यानात येण्याआधी सासूबाईंनी बरंच खाल्लं होतं. त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. वय झालेलं, त्यात दिवसभराचा रोजा, उठता येईना. हॉस्पिटलात नेऊन सलाइन लावावं लागलं. नक्की लोणच्यानेच झालं का? डॉक्टरांनी तसं ठामपणे सांगितलं नाही. मला ठामपणे सांगायला डॉक्टर नको होते.

मी हॉस्पिटलात गेले. भाताची पेज घेऊन गेले. हो, पेज घेऊन! सासूबाई बरणीवरून बोलत होत्या, अशक्त आवाजात, पण थांबत नव्हत्या: हिच्या हाताला सफाई नाही, लोकांच्या घरी बरण्या वाटल्या, अब्रू घालवली. हनीफभाई भिंतीकडे पाहत उभे. भाभींनी प्रत्येकाला फोन करून बरण्या टाकून द्यायला सांगितल्या होत्या. डोळे सुजलेले. मला पाहताच त्यांनी माझा हात धरला आणि बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

"तू शिकलेली हाईस," त्या म्हणाल्या. "सांग गो मला, माझा काय चुकला?"

आता आले मी तिथे. हेच ते.

त्यांनी शिरक्याचं नावही काढलं नव्हतं. माझ्यावर संशय त्यांच्या स्वप्नातही नव्हता. त्यांना फक्त स्वतःची चूक जाणून घ्यायची होती, पुन्हा होऊ नये म्हणून. आणि मी — लॅबमध्ये नव्या मुलींना शिकवताना जो आवाज काढायचे, तोच आवाज काढून — म्हणाले, "चमचा ओला लागला असेल भाभी. किंवा कोलंबी नीट तळली गेली नसेल. अशा हवेत तेवढंही पुरतं."

त्यांनी मान हलवली. मग आत गेल्या आणि सासूच्या पायाशी बसून म्हणाल्या, "माझीच चूक झाली अम्मी. कोलंबी कच्ची राहिली." शास्त्रीय कारण मिळालं होतं त्यांना. माझ्याकडून.

सासूबाई दोन दिवसांनी घरी आल्या, बऱ्या झाल्या. मी घरी येऊन उरलेला घाणा मोरीत ओतला. पण डबे टाकले नाहीत, हेही सांगते. हिवाळा आला, मस्कतची हवा आपसूक गार झाली, आणि पुढचा घाणा फारसं काही न करता सुरेख जमला. स्वच्छ, सोनेरी, बेताचा कडू. प्रशांतने त्या सहकाऱ्याला मुद्दाम बोलावून पाजला. तो म्हणाला, "वहिनी, मानलं." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? झाला.

पुढे हनीफभाईंनी ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला, नारळ-केळ्यांचा धंदा घेतला आणि ते लोक तिकडे गेले. जाताना भाभी माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. कशाकरता, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मागच्या खरीफला, म्हणजे मस्कत भाजत असतं आणि सलालाहला झिमझिम चालू असते त्या दिवसांत, आम्ही तिकडे गेलो. त्यांनी हट्टाने जेवायला बोलावलं. घरात नवी सून आलेली, हसरी पोरगी. नारळाच्या रसातली मासळी, सांदणं, सगळं होतं. प्रशांत जेवता जेवता सहज म्हणाला, "भाभी, तुमचं ते कोलंबीचं लोणचं नाही का? कित्येक वर्षांत खायला मिळालं नाही."

भाभी हसल्या. सुनेकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, जसं आपण आपलं गाव सांगतो तसं म्हणाल्या, "मी नाय घालीत आता. माझ्या हाताला लोणचा लागत नाय. एकदा माणूस मरता मरता वाचला. ही घालील, हिचा हात चांगला."

सून संकोचून म्हणाली, "असं नका म्हणू अम्मी." भाभींनी तिच्या पाठीवर हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या. "हिला इचार, हिला सगळा म्हायती. हिनंच तेव्हा बरोबर सांगितलेला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेळ होता. घाई कुणालाच नव्हती. बाहेर झिमझिम चालली होती. मी तोंडातला घास गिळला, आणि मान डोलावली. "हो," असं म्हणाले.

भाभींनी मला आणखी एक सांदण वाढलं.